बोदवडची द्रौपदाबाई

४ नोव्हेंबर

पान चौऱ्याऐंशी. भाऊची कविता. त्यातल्या तीन ओळी माझ्या!

दिवाळी अंक त्याने स्वतःच जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला होता. पान मिटू नये म्हणून वर मिठाची बरणी. सविता वहिनी म्हणाली, "दखा रूपाताई, तुमना भाऊनं नाव उनं." बघितलं. घास हातातच राहिला.

ऑगस्टमध्ये फॅक्टरीच्या बसने वरणगावला जाताना केळीची एक बाग दिसली होती, घड कापून नेलेली. संध्याकाळी माझ्या निळ्या वहीत लिहिलं होतं – घड कापला तरी झाड उभंच. आता काय करायचं, त्याला माहीत नाही. बस, एवढंच. भाऊने त्याचे तुकडे करून एकाखाली एक रचले, आणि तळाशी जोडलं – "हे विश्वात्मक रिक्तते!"

तेवढी एक ओळ त्याची.

निळी वही माझ्या वरच्या खोलीत असते. कपाटात, साड्यांखाली. कुलूप नाही. या घरात माझं कोण वाचणार, असं वाटायचं. वाचणारा निघाला, तोही मराठीचा प्राध्यापक!

५ नोव्हेंबर

चोरीपेक्षा ती 'विश्वात्मक रिक्तता' जास्त झोंबली.

७ नोव्हेंबर

भांडले नाही. भांडायचं काय म्हणून? "माझं झाड परत दे"?

ही दुसरी डायरी चार तारखेलाच काढली. खताच्या कंपनीने कधीतरी फुकट वाटलेली, २०१९ची. तारखा खोडून लिहिते आहे. ही पर्समध्ये राहील, माझ्याबरोबर फॅक्टरीत जाईल-येईल. निळी वही जिथल्या तिथे ठेवली. आता ती भाऊची.

पंचवीस वर्षं तपासणी विभागात आहे. दिवसभर पितळी नळ्या डोळ्यांखालून सरकतात. चरा दिसला, पोचा दिसला की बाजूला काढायची. खोट शोधायचा पगार मिळतो मला. आणि घरातली खोट तेरा वर्षांत दिसली नाही! (नवऱ्याचं घर सोडून भुसावळला भाऊकडे आले त्याला तेरा वर्षं. निळी वही तेव्हाचीच.)

१० नोव्हेंबर

एक प्रयोग. निळ्या वहीत साफ खोटं लिहिलं – "बोदवडच्या रस्त्यावर पळसाला आज एकच फूल. लाल."

नोव्हेंबरात पळस! शाळेतलं पोरही हसेल. भाऊ हसतो का बघू.

२४ नोव्हेंबर

नाही हसला.

आज बोदवडजवळच्या एका मळ्यात भरीत आणि काव्यवाचन. सुपडू नानांच्या काव्यदीप मंडळाचा हिवाळी कार्यक्रम. नाना म्हणजे जळगावचे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळाचे तहहयात अध्यक्ष. कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजली जात होती आणि सतरंजीवर कवी. बावीस कवी, श्रोते सात. त्यातल्या तीन आम्ही – घरच्या बाया, पुऱ्या लाटणाऱ्या.

भाऊ उभा राहिला. डोळे मिटले. "अवेळी पळस!" – शीर्षक. मग ते माझं फूल आलं, आणि त्याच्यामागे काय काय आलं! क्रांती आली, ज्वाला आली, कुणीतरी एक अनामिका आली. नाना मान डोलवत म्हणाले, "काय सूक्ष्म निरीक्षण! जीवनराव, हे फक्त तुम्हालाच दिसू शकतं." भाऊच्या पाठीमागे बांधावरच पळस होता. हिरवागार. एकाही कवीने मागे वळून बघितलं नाही.

मळ्याचा मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मले कवितेतलं काई समजत नाई. पन या दिवसात पयसाले फूल येत नाई, हे सांगू का त्याह्यले?"

म्हटलं, "नका सांगू. भरीत गार होईल."

२ डिसेंबर

आज बसमध्ये एक बाई सुचली. दिसली नाही – सुचली! असं कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं जे समोर दिसेल तेच लिहीत आले.

निळ्या वहीत दोन पानं भरली. बोदवड स्टेशन. द्रौपदाबाई नावाची म्हातारी. वय एकसष्ट – ते लिहिलं नाही, पण मला माहीत आहे. मुलगा म्हणाला होता, दुपारच्या पॅसेंजरने येतो. कुठली तारीख ते म्हणाला नव्हता. म्हणून ती रोज डबा घेऊन येते. गाडी थांबते. चार माणसं उतरतात, त्यात तो नसतो. गाडी गेली की ती बाकावर बसते, डबा उघडते आणि स्वतः जेवते. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, ठेचा. चवीने जेवते. बोटं चाटते. डबा नळावर धुते आणि घरी जाते. उद्याच्या भाजीचा विचार करत.

वही कपाटात ठेवली. ठेवताना कसं वाटलं! परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखं.

८ डिसेंबर

भाऊने सहज विचारलं, "बोदवडला दुपारची पॅसेंजर असते का गं?"

मीही सहज म्हटलं, "असेल. का रे?"

"काही नाही. कॉलेजात एकाला हवं होतं."

१५ डिसेंबर

वहिनी वैतागली आहे. "रूपाताई, तुमना भाऊ जेवता जेवता बोटंवर मोजस. काय मोजस? भाकरी त दोनच खास!"

अक्षरं मोजतो, म्हटलं.

"मंग माले बी मोजाले सांगा. मी काय रोज कमी मोजस का भाकरी?"

६ जानेवारी

मासिक आलं. 'प्रतीक्षेचे डबे' – दीर्घ कविता, सात भाग. कवीचं टिपण सुरुवातीला – "बोदवड स्थानकावर या माउलीशी झालेल्या अनेक भेटींतून..."

अनेक भेटी!

बसमध्ये वाचली. पहिले दोन भाग बरे आहेत, खरंच बरे आहेत. बाई तशीच चालते, जशी मी चालवली होती. मग सहाव्या भागात गाडी जाते आणि द्रौपदाबाई डबा उघडून... चिमण्यांना घालते! सगळा! स्वतः उपाशी! आणि आकाशाकडे बघते!

खाऊ दे ना तिला! दुपारचे दोन वाजलेत, बाई सकाळपासून चुलीपुढे होती, चालत स्टेशनवर आली. भूक लागणार नाही? उपाशी म्हातारी दिसली की यांची कविता पोटभर जेवते.

इतका राग आला की वरणगावचा माझा थांबा मागे गेला.

१९ जानेवारी

धुळ्याला पुरस्कार. शाल, श्रीफळ, आणि काचेचं एक चिन्ह – मोर आहे की दिवा, शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तिघं बसने गेलो. वहिनीचं माहेर धुळ्याचं, ती खुश.

परीक्षक बोलले चाळीस मिनिटं. चिमण्या म्हणजे शोषित वर्ग, डबा म्हणजे पृथ्वी. भाऊने भाषणात सांगितलं – "द्रौपदाबाईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, कविराज, तुम्हीच माझा मुलगा!" बायकांनी डोळ्याला पदर लावला. वहिनीनेही. मग माझ्या कानात – "हाई बाई कोन शे? घर कव्हय उनी नही ती?"

मी टाळ्या वाजवत होते. हात वाजवत होते, मी नव्हते.

परतताना भाऊ खिडकीशी बसला. मोर मांडीवर. पारोळा मागे गेलं. मग म्हणाला, "रूपा, तुला कशी वाटली कविता?"

"चिमण्या जास्त झाल्या."

त्याने मोर दुसऱ्या मांडीवर घेतला. मग म्हणाला, "हं."

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर बैठकीत मोनाली बसलेली. जळगावची मुलगी, भाऊच्या कवितेवर पीएचडी करते आहे. विषय – 'जीवन पाटील यांच्या काव्यातील प्रत्यक्षानुभव'. प्रत्यक्षानुभव!

हुशार आहे. बोलताना पेनाचं टोपण चावते. भाऊला म्हणाली, "सर, द्रौपदाबाईंची मुलाखत हवी. परिशिष्टात टाकते." भाऊने चहा सांडला. म्हणाला, "ती फार बोलत नाही." मोनाली म्हणाली, "चालेल सर. मौनही नोंदवते."

जाताना मला विचारलं, "ताई, तुम्ही सरांना लिहिताना बघता. प्रेरणा कशी येते त्यांना?"

"जिना चढून," म्हटलं.

तिने तेही लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी

सुपडू नाना घरी. एकटे नाहीत, कल्पना घेऊन! मंडळातर्फे बोदवड स्टेशनवर द्रौपदाबाईंचा जाहीर सत्कार. साडी-चोळी, मानपत्र, पत्रकार. सोळा तारीख, रविवार. "जीवनराव, तुम्ही फक्त तिला दुपारी दोनला बाकावर बसवून ठेवा. बाकी सगळं मंडळ बघेल."

भाऊ हो म्हणाला! नाही कसं म्हणणार? मोराच्या शेजारी बसून नाही म्हणता येत नाही.

नाना गेल्यावर भाऊ बराच वेळ वहाणा घालून बैठकीत उभा होता. कुठे जायचं नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं. हे सगळं मीच तर घडवलं. पण त्याचा चेहरा आमच्या वडिलांसारखा दिसला – गारपिटीनंतर बांधावर उभे असायचे तसा. हसू अर्ध्यात राहिलं.

९ फेब्रुवारी

भाऊ सकाळी नऊच्या गाडीने बोदवडला गेला. संध्याकाळी सहाला आला. उन्हाने नाक लाल.

वहिनीने विचारलं, कुठे होतात दिवसभर?

"स्टेशनवर."

"गाडी चुकनी का?"

"नाही."

काय केलं असेल त्याने? बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या बघितल्या असतील. एखादीला विचारलंही असेल, मावशी, तुमचं नाव द्रौपदाबाई का? चोपन्न वर्षांचा माणूस. खांद्याला शबनम.

वर जाऊन निळी वही काढली. लिहिणार होते – भाऊ, ती नाहीच. मीच बनवली. नको शोधू. पेन टेकवलं आणि उचललं. ते लिहिलं असतं तर मी त्याला पकडलंय हेही लिहिल्यासारखं झालं असतं. तेरा वर्षं ज्याच्या घरात राहते त्याला पकडायचं कसं?

११ फेब्रुवारी

त्याने तिला मारलं.

सकाळी चहाच्या वेळी फोनवर नानांना सांगत होता – "हो नाना... परवाच... स्टेशनवर कळलं... शांतपणे गेली." मी पोहे ढवळत होते. ढवळतच राहिले, खाली करपले.

फोन ठेवल्यावर विचारलं, "कोण गेलं?"

"बोदवडची द्रौपदाबाई."

"कशाने?"

"वयाने."

"वयाने कशी? एकसष्ट म्हणजे काय वय झालं!"

तोंडातून गेलं. कवितेत वय नाही. निळ्या वहीतही नाही. ते फक्त मला माहीत.

भाऊने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वहिनी म्हणाली, "काय जळस? रूपाताई, पोहा!"

भाऊ उठला, कॉलेजला गेला. डबा न घेता.

बसमध्ये रडू आलं. थांबेना! शेजारच्या पुनमने विचारलं, काय झालं ताई? म्हटलं, बोदवडची एक मावशी गेली. पुनमचा चेहरा पडला. दुपारपर्यंत अख्ख्या विभागाला कळलं. बायका येऊन खांद्यावर हात ठेवून गेल्या. सुपरवायझरने विचारलं, अंत्यविधीला जायचंय का, अर्धी रजा टाका.

टाकली. भुसावळ स्टेशनवर बाकावर बसून डबा खाल्ला. आपण कुणाला तरी जन्म दिला होता, हे ती गेल्यावर कळावं!

१६ फेब्रुवारी

सत्काराची शोकसभा झाली. बोदवडलाच, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये. बॅनर तोच. 'सत्कार'वर कागद चिकटवून 'श्रद्धांजली' केलं होतं. माणसं मात्र भरीत पार्टीच्या तिप्पट.

व्यासपीठावर हार घातलेलं चित्र. फोटो नाही म्हणून नानांनी एका चित्रकाराकडून काढून घेतलेलं, भाऊने वर्णन सांगितलं तसं. वहिनी चित्राकडे बघतच राहिली. "रूपाताई, हाई त तुमीच शेतस! केस फक्त पांढरा करेल शेतस."

माझंच नाक. माझाच चष्मा. द्रौपदाबाईला मी चष्मा दिला नव्हता.

मग भाषणं. नाना म्हणाले, "मी स्वतः या माउलीच्या हातचं पाणी प्यालो आहे." बोदवडचे एक गृहस्थ उठले. म्हणाले, ती आमच्या गल्लीतली, लांबून मावशीच लागायची, आमच्या लग्नात पोळ्या लाटल्या तिने. एक कवी म्हणाले, तिने मला एकदा रागावून सांगितलं होतं, यमक सोड! मोनाली भराभर लिहीत होती. एकेक माणूस उठायचा आणि माझ्या बाईवर स्वतःच्या आठवणी लादायचा. ती बिचारी चष्मा लावून हाराखाली गप्प.

शेवटी भाऊ. कविता वाचायची होती. कागद हातात. वाचेना. हॉलमध्ये खोकला, खुर्च्या. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"ही बाई नव्हतीच," म्हणाला. "मी नऊ तारखेला या स्टेशनवर सहा तास बसलो. अशी कुणी बाई इथे येत नाही. कधीच येत नव्हती. ती माझ्या बहिणीने लिहिली. तिच्या वहीत. मी ती वही चोरून वाचली. आधीच्याही कविता... पळसाची, केळीची... तिच्याच. चिमण्या तेवढ्या माझ्या." माझ्याकडे बोट केलं. "ती तिथे बसली आहे. तिसऱ्या रांगेत."

सगळ्या माना माझ्याकडे. मला जमिनीने गिळावं असं वाटलं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

तेवढ्यात नाना माइककडे धावले. डोळे पुसत! "मित्रहो, याला म्हणतात प्रतिभेचा विनय! कवीची बहीण कोण? कवीची प्रतिभा! ती वही कुठली? हृदयाची वही! आणि बाई नव्हतीच म्हणजे – ती देहाने नव्हती!"

टाळ्या. उभं राहून टाळ्या! भाऊ ओरडत होता, "नाना, अहो खरंच बहीण आहे, रूपा आहे तिचं नाव!" पण माइक नानांच्या हातात. कुणीतरी भाऊच्याच गळ्यात हार घातला. मोनाली माझ्याजवळ आली, उजळलेल्या चेहऱ्याने. "ताई, शेवटचं प्रकरण मिळालं! बहीण हे प्रतीक!"

"मी तपासणी विभागात आहे," म्हटलं. "वरणगावला."

"हो ताई," म्हणाली. पण हे काही लिहून घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी

भाऊ माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. वर्तमानपत्रात बातमी – 'कवी जीवन पाटील यांना अश्रू अनावर'.

१९ फेब्रुवारी

वहिनी आज वर माझ्या खोलीत मेथी निवडताना बोलली. मी विचारलं नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा तीन महिने कुणाशी बोलले नव्हते. मला ते नीट आठवतही नाही. फॅक्टरीत जायचे, यायचे, दार लावून घ्यायचे. एकदा मागच्या विहिरीच्या कठड्यावर बसलेली दिसले म्हणे. त्या दिवसापासून भाऊ मी कामावर गेले की वर जाऊन वही वाचायचा. रोज. खाली येऊन वहिनीला सांगायचा. वहिनी म्हणाली, "सुरवातले काहीच सांगेत नही, नुस्ता बशी राहेत. मंग एक दिन हासत उनात. म्हणेत, सविता, आते भेव नही. शेजारनीना सूनबाईनी नक्कल लिखेल शे तिनी."

मेथी तशीच टाकून जिना उतरले. तो दारात होता, बाहेर निघालेला.

"किती दिवस वाचायचं ठरवलं होतंस?"

"तू बरी होईपर्यंत."

"मग?"

"मग तू बरी झालीस." मान खाली. "आणि मला थांबता आलं नाही. चांगलं लिहितेस."

एवढं बोलून चपला शोधायला लागला. खाटेखाली बघितलं, दारामागे बघितलं. चपला पायातच होत्या.